मामांच्या काठीवर बसलो, त्या दिवशी

मामांची काठी माझ्या हातून मोडली असं म्हणणं खोटं ठरेल, कारण हाताचा त्यात काही संबंध नव्हता. मी बसलो. वेताच्या खुर्चीवर इस्त्रीसाठी काढलेले कपडे पसरले होते. ते उचलायचा कंटाळा आला म्हणून बुटाची नाडी बांधायला त्यांच्यावरच टेकलो, आणि खालून 'कडाड्' झालं. खुर्चीचं वय आणि माझं वजन दोन्ही जगजाहीर असल्यामुळे पहिल्यांदा मला खुर्चीचीच दया आली. कपडे बाजूला केले तर खुर्ची धडधाकट होती आणि काठीचे दोन तुकडे झाले होते.

"काय मोडलं रे?" स्वयंपाकघरातून मामीने विचारलं.

"काही नाही, खुर्ची कुरकुरली."

"खुर्ची अशी कुरकुरत नाही. तो आवाज लाकूड मोडल्याचा आहे."

मामीशी आवाजाच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती हात पुसत बाहेर आली. दोन तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "तूच सांग आता ह्यांना. मी मध्ये पडणार नाही." एवढं बोलून ती पाठ फिरवून आत गेली. तिचे खांदे हलताना दिसले, आणि ती रडतेय असं वाटून माझं उरलंसुरलं अवसानही गळालं.

कारण ती काठी साधी नव्हती. मामा बोलपटांतले नट, आणि पडद्यावरच्या त्यांच्या काठीची टकटक गावातल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ओळखायचे. मामा रस्त्याने जायला लागले की दुकानदार मान वर न करता म्हणायचे, "आले टकटक." आणि नेमका त्याच संध्याकाळी मामांचा सत्कार होता. पडद्यावर तीस वर्षं पूर्ण. ज्या थिएटरात त्यांचा पहिला बोलपट लागला त्याच थिएटरात कार्यक्रम, आणि बेत असा की सगळे दिवे घालवायचे, अंधारात मागच्या दारापासून रंगमंचापर्यंत नुसती टकटक ऐकवायची आणि मग एकदम उजेड. मामा सकाळीच रंगमंच बघायला निघून गेले होते. काठी सांभाळून आणायचं काम माझ्याकडे होतं. याहून सोपं काम सत्कार समितीला सापडलं नव्हतं, नाहीतर तेच दिलं असतं.

आता मामांविषयी सांगायला हवं, म्हणजे मी काय मोडून बसलो होतो ते कळेल.

मामा चित्रपट कंपनीत शिरले ते दारवान म्हणून. सेटचा भलामोठा दरवाजा लोटायचा, एवढंच काम. एके दिवशी न्यायाधीशाचं काम करणारा नट आजारी पडला. त्याचा केसांचा टोप कुणाच्याच डोक्यावर बसेना. कुणाच्या कानांवर उतरायचा, कुणाच्या नाकावर. दिग्दर्शकाची नजर दाराकडे गेली. मामांचं डोकं आमच्या घराण्यातलं. लग्नात टोपी घालताना दोघांना धरावी लागते असं. टोप त्यावर चपखल बसला आणि दारवानाचा न्यायाधीश झाला. पुढच्या अकरा वर्षांच्या मूकपटांत मामांनी एकोणीस न्यायाधीश, चौदा डॉक्टर आणि सात जल्लाद केले आणि तेवीस वेळा ते मेले. नायक बदलले, नायिका बदलल्या, मरायला मात्र मामाच.

मूकपटात ओठ हलले म्हणजे झालं. काय बोलतो ते कोण ऐकतंय? म्हणून मामा फाशीची शिक्षा सुनावताना घरच्या सामानाची यादी घोकायचे. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एक दिवस कंपनीत मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. मालकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं: "आमची मुलं तुमचे चित्रपट आवडीने बघतात. परंतु परवा नायकाला फाशी देताना न्यायाधीशमहाराज म्हणाले, 'साबण संपलाय, आणि येताना दिव्याची काच आण.' मुलं ओठ वाचतात. सगळा वर्ग खो-खो हसला आणि नायिकेचं रडणं फुकट गेलं."

सगळी कंपनी हसली. मामा हसले नाहीत. रविवारी ते त्या शाळेत गेले, मुलांना घेऊन आपलाच चित्रपट बघत बसले आणि कुठे काय बोललो ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. यादी चांगली दोन पानी निघाली. त्या दिवसापासून मामा मूकपटातलं प्रत्येक वाक्य खरं बोलायला लागले, तेही स्वच्छ, ओठ पुरते हलवून. कंपनीत बोलपट यायच्या सहा वर्षं आधी त्या तीस मुलांसाठी मामांचे बोलपट सुरू झाले होते.

त्यामुळे कंपनीत ध्वनिमुद्रणाची पेटारी आली तेव्हा बाकीचे नट मधाच्या बाटल्या घेऊन गवयांचे उंबरठे झिजवत होते आणि मामा निवांत होते. आवाज खणखणीत, बोलायची सवय पक्की. चाचणीला उभे राहिले. दिग्दर्शक म्हणाला, "चला." मामांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

दुसऱ्यांदा वाक्य निघालं ते घाईत, हात मागाहून. तिसऱ्यांदा हात आधी गेले आणि वाक्य रस्त्यात राहिलं. मामा घामाघूम झाले. कारण साधं होतं, पण त्यांनाही उशिरा उमगलं. पूर्वी कॅमेरावाला हाताने हँडल फिरवायचा, त्याचा ठेका कानावर पडायचा आणि मामा त्या ठेक्यावर काम करायचे. चौथ्या फेऱ्याला भुवई, आठव्याला मान, सोळाव्याला मरण. सतराव्या फेऱ्याला मामा कधी जिवंत सापडले नाहीत. आता कॅमेरा विजेवर चालायचा आणि तोही गाद्या ठोकलेल्या कपाटात कोंडलेला. सेटवर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत मामा ठेका सुटलेल्या गवयासारखे भरकटले.

मालक म्हणाले, "शनिवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर कपडेखात्यात टोप्या मोजा, बायकोच्या हाताखाली."

मामी तेव्हा कंपनीच्या कपडेखात्यात शिवणकाम करायची. मामांनी घरी येऊन मालकांचं बोलणं सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या हाताखाली नको. आहेत त्या टोप्याही हरवतील." आणि राहिलेले कोट शिवायला यंत्रावर बसली. मामा पलीकडच्या खोलीत उगाच वाक्य घोकत होते. थोड्या वेळाने मामीच्या लक्षात आलं की पलीकडे अख्खा प्रवेश बिनचूक चाललाय. ती ऐकायला थांबली, तर मामाही थांबले. तिने यंत्र चालू केलं, मामा चालू. असं तिने तीनदा करून पाहिलं.

"अहो," ती ओरडली, "मी थांबले की तुम्ही थांबता."

"लग्नाला आठ वर्षं झाली, तुला आज कळलं?" पलीकडून उत्तर आलं.

मग चार दिवस यंत्राचा ठेका आणि मामांची वाक्यं. शनिवारी, घराण्यात सांगतात त्याप्रमाणे, दिग्दर्शकाने मामांच्या हातात ती काठी दिली, यंत्राचा ठेका काठीत उतरला आणि मामा तरले.

तरले कसले, उडाले. पहिल्याच बोलपटात ते कडक सासरे झाले. वरच्या माडीवर नवराबायको हळू आवाजात बोलत बसलेत. पडद्यावर नुसता रिकामा जिना. आणि खालून टक... टक... टक. मामा दिसायला अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटात थिएटरातली माणसं माना वळवून मागच्या दाराकडे बघायची. तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतला एक गृहस्थ "आलो, आलो" म्हणत उभाच राहिला. त्याचे स्वतःचे सासरे काठी टेकत चालायचे. मध पिणारे नायक दोन वर्षांत घरी बसले. मामा पुढची एकोणीस वर्षं जिने चढत राहिले.

तर ती काठी. तुकडे टॉवेलात गुंडाळून मी सुताराकडे धावलो.

"ही तीच ना?" त्याने तुकडे हातात घेतले. "लहानपणी हिला घाबरून मी जेवायचो. कुणी मोडली?"

"मोडली गेली."

त्याने माझ्याकडे आडवंउभं पाहिलं आणि समजून घेतलं. "गोंद वाळायला उद्याची सकाळ उजाडेल."

"कार्यक्रम आज सहाला आहे."

"मग काठीला सांगा, आज जायचं नाही."

मी थिएटरात पोचलो तेव्हा सहाला पाच मिनिटं होती आणि मुंगीला शिरायला जागा नव्हती. मामा मागच्या दारापाशी, मी पडद्याच्या आडोशाला. मध्ये आठशे माणसं. शेजारी खुर्चीवर कंपनीचे जुने ध्वनिमुद्रक बसले होते. आम्ही सगळे त्यांना 'कानवाले काका' म्हणायचो. त्यांना काही सांगावं म्हणून मी वाकलो आणि दिवे गेले.

सगळं सभागृह गप्प. काहीही ऐकू येणार नाही हे आठशे माणसांत फक्त मला ठाऊक होतं. मामांची तीस वर्षं मी टॉवेलात गुंडाळून उभा होतो.

टक.

मागच्या दाराकडून आला आवाज. मला वाटलं, माझ्याच छातीतला असेल.

टक... टक.

मी टॉवेल चाचपला. दोन्ही तुकडे जागच्या जागी होते. लाकडी जमिनीवरून आवाज संथपणे पुढे येत होता, माणसं श्वास रोखून बसली होती, कुठेतरी एक मूल आईला बिलगल्याचं ऐकू आलं. मग रंगमंचावर एकदम उजेड पडला. मधोमध मामा उभे, दोन्ही हात पाठीमागे, रिकामे. आठशे माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. हातात काठी नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'काठी टेकत आगमन' असंच छापून आलं.

"काका," मी कसाबसा म्हणालो, "काठी तर माझ्याकडे आहे."

"मग?" कानवाले काका टाळ्या वाजवत म्हणाले. "टकटक टाचेची आहे. त्या शनिवारी पहिल्यांदा माझ्या कानात आली तेव्हा मी ओरडलो, सेटवर कोण सुतार घुसलाय? बघतो तर तुझे मामा. टाचेने ठेका धरलाय आणि वाक्यं अशी बोलतायत की ऐकत राहावं. म्हटलं, बूट काढा. बूट काढले, वाक्य गेलं. घातले, परत आलं. मालक म्हणाले, टोप्या मोजा."

"मग?"

"मग तुझे मामा म्हणाले, 'ठोका लपत नसेल तर ऐकवू या. मला दाखवू नका. नुसता जिना दाखवा आणि मी येतोय हे ऐकवा.' अरे, आम्ही सगळे आवाजाच्या मागे लागलेलो, आणि न दाखवण्यात काय जादू असते ते या मूकपटवाल्याला कळलं. मालक मटकन खाली बसले. लोकांना ठोक्याचं कारण दिसावं म्हणून दिग्दर्शकाने सामानातून ही काठी मागवली. तिच्या टोकाला रबर मीच बसवलं. दोन-दोन ठोके नकोत म्हणून."

मी टॉवेल उलगडला. खालच्या तुकड्याच्या टोकाला झिजून काळं पडलेलं रबर होतं. मामीचे खांदे का हलत होते ते आता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. आकाराने ते डोकं मामांसारखंच आहे, एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत गेलो. मामा स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते आणि मामी हारांचा ढीग कुठे ठेवावा या विवंचनेत होती. मी दोन तुकडे मामांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी एकदा तुकड्यांकडे आणि एकदा माझ्या कमरेखाली नजर टाकली.

"मामा," मी म्हणालो, "दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता. टकटक काठीची नाही, हे इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंत."

मामांनी दुसरा बूट काढला आणि म्हणाले, "तू बसताना विचारलंस?"