एकशे सत्तेचाळीस नंबरची नागाबाई

कागदावर लिहिणाऱ्या माणसाविषयी नागाबाईचं मत बाहत्तर साली एकदाच झालं, आणि पुढं ते बदलायची वेळ कुणी आणली नाही.

त्या दुष्काळी साली ती नवऱ्याच्या मागं, सात वर्षांच्या पोराचा हात धरून, कंधारकडून तांबरवाडीच्या पाझर तलावावर खडी फोडायला आली. आठव्या दिवशी सुकडी वाटताना कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं आणि नाव नाही म्हणाला. बाई समोर उभी, तळहाताला फोड, मागं तिनंच फोडलेल्या खडीचा ढीग. पण यादीत नाही म्हणजे बाईच नाही. पोरगं त्या दिवशी उपाशी झोपलं. दुसऱ्या दिवसापासून नागाबाई त्या कारकुनाची पाठ सोडीना. तो ढिगांवर चुन्यानं आकडे टाकायचा, ते बघून बघून तिनं आकडे उचलले. अक्षर तिला आजही एक येत नाही. आकड्यात मात्र तिला फसवणारा अजून जन्मायचाय.

तलाव झाला, नवरा पुढं तापात गेला, काम संपलं. पण कामावर आलेली अकरा घरं परत गेलीच नाहीत. गावाच्या वरच्या माळावर राहिली. गाव त्यांना चौदा वर्षं 'कामावरची माणसं' म्हणत राहिलं. पंचायतीनं दारोदार गेरूनं नंबर टाकले ते एकपासून एकशे त्रेचाळीसपर्यंत. पुढं गेरू संपला की शिपायाचे पाय दुखले ते देवाला ठाऊक, माळावर नंबर चढला नाही.

मग आलं शहाऐंशीचं साल. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, कचेऱ्यांच्या भिंतींना चुन्याचा वास होता, आणि पाऊस जुन्याच जिल्ह्यात विसरून आल्यासारखा गायब होता. पाझर तलावात ढोरं बसायची. गावाला उरली एक विहीर, सरपंच ईश्वरप्पाच्या मळ्यातली. गावातून ती हाकेवर, माळावरून कोसभर. नागाबाईचा पोरगा ऊस तोडायला लांब गेलेला; सून सुभद्रा सात महिन्यांची पोटुशी होती आणि दिवसाला चार खेपा करायची. नागाबाई दोन करायची, गुडघा जेवढं ऐकेल तेवढं. सुभद्रा बाळंत व्हायच्या आत पाणी जवळ आलं पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

अशात कळलं की गावाला एक बोअर मंजूर होणार, आणि ती कुठं पाडायची हे तालुक्याच्या कॉलेजातले समाजशास्त्राचे सर पाहणी करून ठरवणार.

सरांचं नाव प्राध्यापक मन्मथ. उदगीरच्या पेठेतलं घर, बापाचं कापडाचं दुकान. थानातलं कापड मोजायला कंटाळून सर माणसं मोजायला लागले होते. आठ पोरं, दोन सतरंज्या आणि छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन ते आले आणि गावात चार खुर्च्या एकाच घरी होत्या म्हणून ईश्वरप्पाच्या ओट्यावर उतरले. समाजशास्त्राला गावात शिरायला नेहमी खुर्चीच लागते. पहिल्या दिवशी सरांनी विहिरीवरून एक घागर स्वतः उचलली, वीस पावलं चालले, पोरानं फोटो काढला, घागर परत बाईच्या डोक्यावर गेली. याला सहभागी निरीक्षण म्हणतात, असं त्यांनी पोरांना सांगितलं. गृहीतक तर ते घरूनच शिवून आले होते: दुष्काळात गावाचा एकोपा वाढतो. आता गावानं ते अंगात घालायचं तेवढं राहिलं होतं.

नागाबाई दुपारी ओट्याखाली येऊन उभी राहिली. माळावर कधी येणार, एवढंच तिला विचारायचं होतं.

सरांना विचारलेलं आवडायचं, कारण मग सांगता यायचं. त्यांनी समजावलं की सगळ्या घरांना विचारायची गरज नसते. शितावरून भाताची परीक्षा. एक ते दहाच्या चिठ्ठ्या टाकल्या, सात निघाला. म्हणून सात, सतरा, सत्तावीस, असं दर दहावं घर, नंबर संपेपर्यंत. शास्त्र कुणाचं तोंड बघत नाही. मग त्यांनी यादी चाळली. माळावरच्या घरांना नंबरच नव्हते, आणि नंबर नसलेलं घर नमुन्यात धरता येत नव्हतं. ते हळहळले, पण शास्त्रीय हळहळले. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बाई, समाज म्हणजे एक शरीर असतं. प्रत्येक अवयवाला आपापलं काम असतं. कुणी हात, कुणी पाय, कुणी डोळे."

"मग आमी नखं आसू, मास्तर," नागाबाई म्हणाली. "वाढली की कापायची."

ईश्वरप्पा खुर्चीत खो खो हसला. सरांना 'मास्तर' जास्त लागलं. प्राध्यापक आणि मास्तर यांत काय फरक असतो ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती निघून गेली होती.

जाताना तिनं कुंभाराकडून टरबुजाएवढा गेरूचा गोळा मागून घेतला. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत तिनं स्वतःच्या दारावर आकडा काढला: एकशे सत्तेचाळीस. शेजारच्या दारावर एकशे सत्तावन्न. त्याच्या पुढं एकशे सदुसष्ट. असं करत अकराव्या दारावर दोनशे सत्तेचाळीस. तिचा दीर पिराजी मागून बघत होता. त्याला दुसरीपर्यंतची शाळा होती, म्हणून त्याला शंका यायच्या.

"वैनी, मधले आकडे कुटं गेले?"

"मधल्यांला इचारतंय कोन?" नागाबाई म्हणाली आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं यादी सोडून दारावरचे नंबर बघत निघाली, कारण उन्हात यादी कोण बघतो. एकशे सदतीसला चहा झाला. पुढचं घर एकशे सत्तेचाळीस हवं होतं, आणि ते माळावर ठसठशीत दिसत होतं. एकाच्याही मनात आलं नाही की तिथल्या दर दोन दारांमधली नऊ घरं कुठं गेली. समाजशास्त्राच्या तीन वर्षांनी पोरांना एवढं तरी शिकवलं होतं, की समोर आहे ते बघायचं, नाही ते बघायचं नाही. त्यांनी माळ नंबरवार लिहून काढला. सर स्वतः नागाबाईच्या दारात आले आणि सावलीत उकिडवे बसले. अंतर, खेपा, घागरी, सगळं झालं. मग सतरावा प्रश्न आला. दुष्काळात गावचा एकोपा वाढला, खूप वाढला, की आहे तसाच आहे?

नागाबाईनं तीनही पर्याय पुन्हा वाचायला लावले. सकाळीच विहिरीवर सुभद्रेची घागर ईश्वरप्पाच्या गड्यानं लाथेनं उलटवली होती.

"माजं उत्तर ह्यात न्हाई," ती म्हणाली.

"मग त्यातल्या त्यात जवळचं सांगा."

तिनं सरांकडं पाहिलं. पेन टेकवून बसले होते, परीक्षेचा निकाल लागायचाय अशा तोंडानं. या माणसाला काय पाहिजे ते तिला तेव्हा नीट कळलं, आणि बाहत्तरच्या कारकुनाची आठवण झाली. तो निदान लबाड होता. हा तर नुसताच शिकलेला होता.

"खूप वाढला लिवा. लई वाढलाय," ती म्हणाली. "आन् पान्याचं कोसभर हाय, ते दोन डाव लिवा."

सर खुलले. नागाबाईनं माळभर निरोप फिरवला, आणि अकराच्या अकरा घरांनी एकोपा खूप वाढवून दिला.

तिसऱ्या दिवशी ईश्वरप्पाला कुणकुण लागली. बोअर आपल्या ओट्याजवळ पडावी म्हणून त्यानं तीन दिवस सरांना तूप वाढलं होतं. तो माळावर आला, दारं बघितली आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हे नंबर खोटे हायेत. ह्या बाईनं रातोरात रंगवलेत. काढून टाका ही घरं."

नागाबाई दारात उभी होती. सुभद्रा आत, घागरीला टेकून. 

सरांनी अकरा दारं पुन्हा पाहिली. सगळे आकडे सातावर संपणारे. एवढं तर त्यांनाही कळलं. त्यांनी मनात हिशेब केला असणार. गावातल्या चौदा घरांत बारा जणांनी 'आहे तसाच' म्हणून सांगितलं होतं, आणि दोघांनी प्रश्नावलीच्या समासात आईबहिणीवरून शिव्या लिहून घ्यायला लावल्या होत्या. माळ काढला तर गृहीतक तिथंच मेलं असतं. प्रबंधाला कमीत कमी पंचवीस घरं लागत होती, तीही गेली असती. सरांनी चष्मा पुसला.

"सरपंचसाहेब," ते म्हणाले, "दारावर नंबर आहे की नाही? आहे. संशोधकानं दिसेल ते नोंदवायचं. नंबर कुणी काढला यात पडलं की वस्तुनिष्ठता जाते."

ईश्वरप्पाचं तीन दिवसांचं तूप वाया गेलं होतं.

अहवाल गेला. पंचवीसपैकी अकरा घरं कोसभरावरून पाणी आणतात म्हणजे निम्मं गाव तहानलेलं, असा सरकारनं अर्थ काढला. कलेक्टर कचेरी नवी, हौस नवी. सुभद्रा मोकळी व्हायच्या आठ दिवस आधी माळावर बोअरची गाडी आली, दोन दिवस खडक रडला, आणि दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. हापसा बसला, सुभद्रा मोकळी झाली, मग सर फोटोला आले. हापशाला हात लावून त्यांनी एकोप्यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा नागाबाई बाळंतिणीचे कपडे धुवायला खाली बसली होती. तिनं बादली सरळ त्यांच्या बुटावरून ओतली आणि वर पाहिलंही नाही.

मे महिन्यात ईश्वरप्पाच्या विहिरीचा तळ दिसला. मग गाव घागरी घेऊन माळ चढायला लागलं. एका सकाळी सरपंचीण गौरम्मा आली, डोक्यावर दोन घागरी, मागं गडी नाही. रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभी राहिली.

हापशावर नागाबाई होती. तिनं दांडा धरून ठेवला.

"घर नंबर कितीचा, गौरम्मा?"

गौरम्माला आधी समजलं नाही. मग हळूच म्हणाली, "बारा."

"बारा चिठ्ठीत आला नव्हता," नागाबाई म्हणाली. रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. गौरम्मा घागर उचलायला वाकली, तशी नागाबाईनं दांडा खाली दाबला आणि पाणी सुरू केलं.

"भरा माय. हितं शास्त्र न्हाई."