मनकर्णेची चाल

बन्सीधर पेटीवाला मूळचा बोरीचा. बाप कीर्तनात पेटीची साथ करायचा, म्हणून हाही करू लागला. बुवांचा दम कुठे संपणार हे त्याला बुवांच्या आधी कळायचं. पण साथ ती साथच. स्वतःची म्हणावी अशी एकही चाल त्याला कधी सुचली नव्हती, आणि तिशी उलटल्यावर हे त्याला आतून टोचायला लागलं होतं.

साल छत्तीस असावं. हैदराबादेकडे बोलपट येऊन स्थिरावले होते आणि मुक्या सिनेमांना कुणी विचारीना झालं होतं. व्यंकटराव नावाच्या तंबूवाल्यानं असले चार जुने खेळ गोळा केले आणि कापसाच्या हंगामात मानवतला तंबू ठोकला. अडचण एकच होती. मानवतच्या लोकांनी हे खेळ आधीच पाहून टाकले होते. तेव्हा तर पडद्यावर राणी मरो की घोडा पळो, तंबूतले बँडवाले एकच गत वाजवत बसायचे. व्यंकटरावानं ठरवलं, खेळ जुनेच ठेवायचे, पण संगीत नवं करायचं. त्यासाठी त्यानं बोरीहून बन्सीधरला बोलावून घेतलं.

"मास्तर, चित्र लोकांनी पाह्यलंय," तो म्हणाला. "आता तेच त्यांना कानानं पाहू द्या."

'मास्तर' हा शब्द बन्सीधरला पहिल्यांदाच कुणी लावला होता. बायको कमलबाई बोरीला सासू-सासऱ्यांपाशी राहिली, आणि त्यानं मानवतला एक खोली घेतली. तबल्याला लिंबाजी होता. दोघं रोज दिवेलागणीच्या खेळाला पडद्याच्या बाजूला बसायचे आणि चालीमागून चाल जुळवायचे. घोड्यांच्या टापा लिंबाजीनं तबल्यावर काढल्या. दरबाराला बन्सीधरनं कीर्तनातल्या नमनाची सुरावट थोडी फिरवून बसवली. सगळं जमलं, एक जागा सोडून.

खेळात एका राणीची मुलगी पुरात वाहून जाते. राणी काठाकाठानं धावते आणि हाका मारते. तोंड उघडतं, मिटतं, पण आवाज नाही. तेवढ्या जागेला बन्सीधरला काही सुचेना. जे वाजवावं ते भजनासारखंच वाटायचं.

त्याच्या खोलीला लागून मनकर्णा राहायची. विधवा बाई, दीर मुंजाजीच्या घरात. मुंजाजी हंगामात रात्रंदिवस शेतातल्या आखाड्यावरच, तिथल्या खोपटात, असायचा. दोन वर्षांमागं पटकीच्या साथीत मनकर्णेची आठ वर्षांची लेक तानू गेली होती. पहाटे ती दळायला बसायची आणि जात्यावर लेकीला उद्देशून ओव्या म्हणायची. जात्यावर सगळ्याच बाया म्हणतात, त्यात कोण काय म्हणतंय ते ऐकत बसायला कुणाला सवड असते? बन्सीधरच्या आणि तिच्यामध्ये मात्र एकच मातीची भिंत होती. एका पहाटे त्याला शब्द स्पष्ट ऐकू आले:

*तुझी अर्धीच येनी, माझ्या हातात ऱ्हायली,*
*तानू, मागं फिरून, न्हाई एकदा पाह्यली.*

शब्दांपेक्षा चाल वेगळी होती. ओळीच्या शेवटी इतर बाया सूर खाली आणून टेकवतात. मनकर्णा तो वर नेऊन तिथंच सोडून द्यायची. नदीवर गेलेल्या पोरीला दारातून हाक मारावी आणि ओ येते का म्हणून थांबावं, तसं.

बन्सीधर अंथरुणात उठून बसला. त्याच दिवशी त्यानं ती चाल पेटीवर उतरवली, आणि संध्याकाळी राणी काठानं धावायला लागली तेव्हा वाजवली.

तंबूत आधी पुरुषांच्या बाजूची कुजबुज थांबली. मग आडपडद्यामागं बसलेल्या बायांकडून हुंदके यायला लागले. लिंबाजीनं तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

आठ दिवसांत आसपासच्या खेड्यांतून गाड्या जुंपून माणसं यायला लागली. व्यंकटरावानं नवा इश्तिहार छापला. खेळाच्या नावाखाली ठळक अक्षरांत 'नवे संगीत : बन्सीधर मास्तर'. एका संध्याकाळी शाळेचे विष्णुपंत मास्तर मुद्दाम हार घेऊन आले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. खेळाच्या मध्यंतरात दिवे लागले तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मास्तर, ती नदीकाठची चाल तुम्हाला कुठून मिळाली हो?"

बन्सीधरनं बायांच्या बाजूला पाहिलं. मध्यंतरात आडपडदा बाजूला सारलेला होता. तिसऱ्या रांगेत, डोक्यावरचा पदर दातांत धरून, मनकर्णा बसली होती. ती त्याच्याकडेच पाहत होती.

तेव्हाही सांगता आलं असतं. "या बाईंची हाय," एवढे तीन शब्द पुरले असते. पण गळ्यात हार होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी असं विचारलं होतं.

"सुचली," तो म्हणाला. "माझीच हाय."

टाळ्या पडल्या. मनकर्णेनं मान खाली घातली. रागावलेली नव्हती ती. चोरी आपणच केल्यासारखी ओशाळली होती.

पुढे जे घडलं त्याचा बन्सीधरनं विचार केला नव्हता. चाल गावभर झाली. कापूस वेचणाऱ्या बाया ती गुणगुणायला लागल्या. आणि एका पहाटे भिंतीपलीकडून मनकर्णेचा आवाज येतोय तोच शेजारची एक बाई तिच्या दारात येऊन म्हणाली, "मनकर्णे, तंबूतलं गानं म्हनायलीस का गं? लेकीच्या नावानं?"

"माझंच हाय ते, बाई," मनकर्णा म्हणाली.

"तुजं कसं असंल? इश्तिहारावर मास्तरचं नाव हाय की."

चार दिवसांत ही गोष्ट आखाड्यावर पोचली. मुंजाजी घरी आला आणि अंगणात उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं भावजयीला बोलला. विधवा बाईनं तंबूत जावं, वर तिथली गाणी घरात म्हणावीत, मेलेल्या पोरीचं निमित्त करावं, हे त्याच्या घरात चालायचं नाही. दुसऱ्या पहाटे जातं फिरलं, पण नुसतंच. दगडावर दगड घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

बन्सीधर भिंतीला पाठ लावून ते ऐकत होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मुंजाजीला भेटायला आखाड्यावर गेला.

"मुंजाजी, ती चाल तुमच्या भावजयीची हाय," त्यानं सांगितलं. "मी तिची ऐकून घेतली. तिनं माझी न्हाई."

मुंजाजीनं त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. "मास्तर, तुमी लय मोठ्या मनाचे," तो म्हणाला. "तिला सांभाळून घ्यायलाव. पन बाईमानसाला अशी चाल कुटून यावी? जाऊ द्या. मी काय तिला घराबाहेर काढायलो न्हाई."

"मी खरं सांगायलोय."

"हाव, हाव," मुंजाजी म्हणाला, आणि त्यानं जाताना धोतराच्या सोग्यात ज्वारीचा हुरडा बांधून दिला. आधी खोटं बोलून बन्सीधरला हार मिळाला होता. आता खरं बोलून हुरडा मिळाला. वाटेत त्यानं तो एका गाईपुढं ओतला.

मग त्यानं ठरवलं की तंबूतच सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. त्या संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी तो पेटीपाशी उभा राहिला आणि त्यानं घसा खाकरला. लोकांना वाटलं मास्तर नमस्कार करायला उठलेत. टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या झाल्या, थांबता थांबेनात. मग बन्सीधरनं हात जोडले आणि तो खाली बसला. नदीचा प्रसंग आला तेव्हा चाल वाजवली, आणि नेहमीपेक्षा बरी वाजवली. ते त्याला जन्मभर विसरता आलं नाही.

हंगाम संपला. तंबू परभणीला हलायच्या दिवशी सकाळी तो मनकर्णेच्या दारात गेला. ती ज्वारी पाखडत होती.

"मनकर्णाबाई, आता मी चाललो," तो म्हणाला. "माझी पेटी गेली की तुमी म्हना. लोक इसरतील."

तिनं सूप खाली ठेवलं. "लोकांचं काय न्हाई, मास्तर. मुंजाभाऊजी आखाड्यावर असताना मी एकदा म्हनून पाह्यलं. तोंडातल्या तोंडात." तिनं सुपातला एक खडा टिपून टाकला. "पन आता मला तुमची पेटीच ऐकू येती. तानू येत न्हाई."

चुकलं, हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात बाहेर गाडीवाल्यानं हाक दिली आणि बन्सीधर वळला. गाडी थांबली असती. गाडीवाला काही घाईत नव्हता.

दोन वर्षांत व्यंकटरावानंही बोलपटाचं यंत्र आणलं आणि पेटीवाल्याची गरज संपली. बन्सीधर बोरीला परतला, पुन्हा कीर्तनाच्या साथीला लागला. पुढे कुणी नवी चाल बसवायला सांगितली, तर तो म्हणायचा, "मला सुचत न्हाई. मी साथीदार हाय." लोक म्हणायचे, मास्तरांचा विनय बघा.

सेहेचाळीस साली एका कीर्तनासाठी तो पिंगळीला गेला. मनकर्णा तिथे भावाकडे येऊन राहिली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. कीर्तन आटोपल्यावर ती समोर आली, केस पांढरे झालेले. तिनंच त्याला ओळखलं, कमलबाईची चौकशी केली, भावाच्या घरी नेऊन भाकरी वाढली. बन्सीधर घास चावत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "पहाटे म्हनता का आता?"

"न्हाई," ती सहज म्हणाली. "पिठाची गिरनी आली ना. आता जातं कोन वढतंय?"

"हाव, ते बी खरं," तो म्हणाला, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदाच कमलबाईला हे सगळं, हारापासून भाकरीपर्यंत, सांगितलं. ती निवडत होती ती डाळ बाजूला ठेवून ऐकत राहिली.

"मग चुकलं म्हनलाव का तिला?" तिनं विचारलं.

"न्हाई. तिनं गिरनीचं सांगितलं. मला बोलूच दिलं न्हाई."

कमलबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तिनं तुमाला सोडवलं," ती म्हणाली, "आन् तुमी चुकलं न म्हनताच सुटलाव."

बन्सीधरनं होकाराची मान हलवली. कमलबाईनं डाळीचं ताट पुन्हा पुढं ओढलं.