रूथचा वाळलेला वेल

आधीच सांगतो, चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता. घराणं पिढीजात ख्रिस्ती, पण मी चर्चमध्ये जायचो ते बायको हाताला धरून न्यायची म्हणून. आयुष्य ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतंच आणि शोधलं की ते सापडतं – एवढाच काय तो माझा धर्म.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. आम्ही आसेगावजवळच्या एका खेड्यात राहायचो (वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, अकोल्यातच यायचं). त्या वर्षी आमचं पहिलं लेकरू जन्मल्यावर आठवडाभरातच गेलं आणि माझी बायको रूथ बोलायचीच थांबली. रडणं नाही, भांडण नाही... ताट पुढे सरकवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. मला वाटायचं, हीसुद्धा हातची जाते.

आमच्याकडे हंगामाचा सण असतो. पहिलं पीक चर्चमध्ये अर्पण करायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव. पोटात बाळ असताना रूथनं मोरीच्या पाण्यावर कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावला होता. पहिलं कोहळं सणाला द्यायचं म्हणून. पण विहीर आटली आणि वेल जागीच वाळला.

सणाच्या सकाळी पाहतो तर ती तोच वेल मुळासकट उपटून टोपल्यात गुंडाळत होती.

"अवं, हे काय नेऊन राह्यली? लोक हासतीन."

ती टोपलं डोक्यावर घेऊन चालू लागली. मीही मागे.

चर्चमध्ये कुणी मूठभर ज्वारी ठेवली होती, कुणी अंडी, कुणी कोंबडी. त्यातच तिनं वेल ठेवला. कुणी हसलं नाही. चर्चच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला. "बापा, यंदा या लेकीजवळ हेच आलं. हेही घे." मला रडू आवरलं नाही, खोटं कशाला सांगू.

लिलावात तो घेणार कोण? मीच सोडवला आणि घरी येऊन गोठ्याच्या टिनाच्या छपरावर टाकून दिला.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारी अंगणात इंजिन खोलून बसलो होतो...

"अहो, हे पाहा ना."

रूथचा आवाज! ती शिडी लावून छपरावर चढली होती. हातातला पाना टाकून मीही वर धावलो. वेलाच्या शेंड्याला पिवळं फूल आणि फुलामागे लिंबाएवढं हिरवं कोहळं.

मी मेकॅनिक माणूस – आधी मूळ तपासलं. बोटांत धरताच त्याचा भुगा झाला. टिन तर चटका बसेल इतकं तापलेलं. पुढे शेतीखात्यातल्या एका साहेबांना विचारलं. म्हणाले, देठात ओल राहिली असेल. इतके दिवस? यावर त्यांनी पुढची फाईल उघडली.

दोन दिवसांत ते कोहळं गळून पडलं. मला वाटलं, ही आता पुन्हा बोलायची थांबते, पण रूथ शांत होती. "लेकरू देवापाशी हाय," म्हणाली, "मले आता भेव नाई वाटत."

कारण मला आजवर सापडलेलं नाही. आठवते ती फुलाच्या दिवशीची दुपार. तिनं खाली येऊन चूल पेटवली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी जेवले काय?"

मी जेवलो होतो. तरी नाही म्हणालो.