सातव्या खांबाचा पापुद्रा

गावात त्याला सगळे धूळमोजे म्हणत. आटलेल्या तळ्यावर खांबांना टांगलेल्या बरण्यांत वाऱ्यानं किती माती आणली, ते तो वीस वर्षं तोलत आला होता. घरी फडताळावरून बोट फिरवलं की बायको विचारायची, "लिहून ठेवलंत का?" तोही हसायचा. कामात मात्र त्याला थट्टा खपत नसे. रोज प्रत्येक खांबापाशी तो जमिनीचा कडक पापुद्रा अंगठ्यानं दाबून बघे आणि ऑफिसला कळवी: शाबूत की फुटका. पापुद्रा शाबूत असला तर सोसाट्याचा वाराही माती उचलत नाही. फुटका असला तर दिवसाची रात्र होते. ही नोंद आणि वाऱ्याचा वेग बघून ऑफिसातला कॉम्प्युटर ठरवी, तळ्याकाठचा रस्ता चालू ठेवायचा की फाटक पाडून बंद करायचा.

सातव्या खांबापाशी पापुद्रा फुटला तो जावयामुळे. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचा टँकर त्याच्याकडे होता, आणि वळसा वाचवायला पठ्ठ्यानं तो थेट तळ्यात घातला.

"मामा, एवढी वेळ सांभाळून घ्या. नोकरी जाईल माझी."

पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. धूळमोज्यानं 'शाबूत' लिहिलं. वारा पडलेलाच होता, म्हणून पुढेही तेच लिहीत राहिला.

आज दुपारी वारा उठला. बरण्या खांबांवर आपटू लागल्या, तरी रस्त्याचं फाटक उघडंच. शाळा नुकतीच सुटली होती आणि मुलांची व्हॅन त्याची मुलगीच चालवायची. सातव्या खांबाकडून मातीचा पट्टा जमिनीलगत सरकत येताना दिसला.

त्यानं ऑफिसातल्या बाईंना फोन लावला. "सातवा फुटका आहे. मी खोटं लिहीत होतो."

"कशानं फुटला?"

"टँकरनं."

"कुणाच्या?"

समोर व्हॅन वळणावर आली होती.

"जावयाच्या. आधी फाटक पाडा, बाई."

फाटक पडलं, व्हॅन करकचून थांबली. पुढच्या दोन मिनिटांत पलीकडचा रस्ता दिसेनासा झाला. मुलगी तोंडाला ओढणी बांधून खाली उतरली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"कधीपासून फुटकाय, बाबा?"

"सोळा दिवस झाले."

व्हॅनच्या काचांना पोरांची नाकं चिकटली होती. तिनं तिकडे पाहिलं.

"सोळा दिवस मी यांना इथूनच नेत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही रोज हात करत होतात."