शामला न सापडलेला डबा

माझा दोस्त शाम गेल्याचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हा सांगलीत मी जावयाला शामचीच गोष्ट सांगत होतो. त्याला न सापडलेल्या डब्याची. पन्नास वर्षं सांगतोय, कारण शामवर मी मात केली ती तेवढी एकदाच... गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन. पण आधी कबूल करतो, मी त्याच्यावर जन्मभर जळलो.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शामच्या फौजेतल्या मामाने कुठल्याशा साहेबाकडून एक खेळ आणला होता. चपलेच्या रबरातून शिक्का कोरायचा, तो पत्र्याच्या डब्यात घालून डबा डोंगरात लपवायचा आणि जागेच्या खुणा पोस्टकार्डावर लिहून दुसऱ्याला धाडायच्या. त्याने डबा शोधायचा, शिक्का आपल्या वहीत उमटवायचा नि डबा होता तिथंच ठेवायचा. शाम साताऱ्यात, मी सांगलीत. आमचे रविवार एसटीत जायचे. माझे डबे तो पहिल्या फेरीत काढायचा. त्याच्या एका डब्यापायी यवतेश्वराच्या वाटेवर मी चार रविवार पायताणं झिजवली. आणि डबा कुठं, तर ज्या धोंड्याला टेकून मी दर वेळी बिडी ओढायचो, त्याच्याच मागं!

"तुला जागा सुचतात तरी कशा रं?" मी चिडून विचारलं.

"आधी तिथं बसून बघतो," शाम म्हणाला. "गुराखी कुठं टेकतोय, पाणी कुठनं उतरतंय. बाळू गड्या, तू अवघड जागा धरतोस. माणूस आधी अवघड जागीच हात घालतंय."

त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

मग मी इरेला पेटलो. बैलाचा शिक्का कोरला, डब्यात घातला आणि कवठे महांकाळच्या माळावर एका धोंड्याखाली तो डबा ठेवला. कुणी हात लावू नये म्हणून धोंड्याला शेंदूर फासला. महिन्याभराने बघतो तर काय, धोंड्यापुढं नारळ, उदबत्त्या, वर भगवा! पुढं तर लोकांनी सिमेंटचा चौथराच बांधला. डबा कायमचा आत. तेवढ्यात शामचं कार्ड आलं: "हरलो गड्या. लय भारी जागा." ते कार्ड मी गल्लीभर वाचून दाखवलं. चौथऱ्याचं मात्र त्याला कधीच सांगितलं नाही.

महिना उलटल्यावर, गेल्या आठवड्यात, साताऱ्याला भेटायला गेलो. वहिनींनी शामची वही पुढं ठेवली. म्हणाल्या, "भावजी, ह्यात समदं तुमचंच शिक्कं हायती." पानं उलटत गेलो... शेवटच्या पानावर माझा बैल! खाली शामचं अक्षर: "नारळ फोडला, देवाची माफी मागितली, डबा काढून परत ठेवला. बाळूला सांगायचं न्हाई. एकदा तरी जिंकू दे त्येला."

म्हणजे चौथरा होण्याआधीच तो तिथं जाऊन आला होता! अंगाचा तिळपापड झाला. मेल्या, हरायचं तेसुद्धा माझ्याहून चांगलं हरलास? आणि भांडायला थांबलाही नाहीस! येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून रडलो, आणि रडतानाही जळतच होतो.

वही मी मागून आणलीय. ती घरात कुणाला सापडता कामा नये. जावयाला तर नाहीच नाही. गादीखाली ठेवून बघितली, माळ्यावर ठेवली, तांदळाच्या डब्यात घातली. कुठंही ठेवा, बायको पहिल्या फेरीत काढील... आठ दिवस झाले, वही पिशवीत घालून हिंडतोय. चांगली जागा विचारावी असा माणूस एकच होता.