दात काळे करणारी माधुरी

माधुरी गेल्याचा फोन आला, तेव्हा हिंजवडीतल्या आमच्या दवाखान्यात मी एका मुलाच्या दाढेवर टोपी बसवत होते. हातातलं काम टाकता येईना... ते पुरं केलं, त्याच्या आईला चिकट काही देऊ नका म्हणून सांगितलं आणि मग आत जाऊन रडले. महिना होऊन गेला, तरी तिच्या खुर्चीवर पेशंट बसवायला मन होत नाही.

कॉलेजपासूनची मैत्रीण. दवाखाना दोघींनी मिळून काढला, पण दर गुरुवारी ती ताम्हिणीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत जायची. तिथली पोरं बिस्किटांवर वाढलेली, पुढच्या दातांचे नुसते खुंट उरलेले. त्यांना ती चांदी आणि फ्लोराइडचं औषध लावायची. ना सुई, ना मशिन. थेंबभर लावलं की बहुतेक वेळा कीड थांबते. मात्र किडलेला भाग काळाकुट्ट पडतो. हे ती प्रत्येक आईला आधी फोटो दाखवून सांगायची.

पाच वर्षांच्या आर्याच्या आईलाही सांगितलं होतं. पोरगी भाकरीला तोंड लावत नव्हती, म्हणून आई कबूल झाली. पुढे एका हळदीत बायकांनी आर्याचे दात पाहिले. तिकडे म्हाताऱ्या बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात. दात काळे म्हणजे मिश्री, हा त्यांचा सरळ हिशेब. एवढ्याशा पोरीला मिश्रीची सवय लावलीस का, असं त्यांनी सासूसमोर विचारलं. पुढच्या गुरुवारी आई शाळेच्या ओट्यावर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीचं पार ध्यान केलंत तुमी. आता हात लावू नका."

त्यानंतर बायकांनी पोरं पाठवणंच बंद केलं. माधुरी तरी जायची, ओट्यावर बसायची, डबा खाऊन परत यायची. कशाला स्वतःची शोभा करून घेतेस, म्हणून मी चिडायचे. ती म्हणायची, हे दुधाचे दात पडले की लोक विसरतील, पण तोवर पोरांनी दुखणं काढायचं का? मग तिला कॅन्सर निघाला आणि ते बसणंही संपलं. हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं, "आर्याचं दुखायचं थांबलं असेल का गं?" मला कुठे माहीत होतं...

मागच्या गुरुवारी तिची पिशवी घेऊन मीच गेले. आर्याची आई धाकट्याला कडेवर घेऊन आली. बाई कुठे आहेत, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तशी ती पायरीवरच बसली.

"पोरीचं दुखणं तवाच थांबलं हुतं," ती म्हणाली. "भाकरी बी खाती आता. लोकं बोलली म्हणून मी रागात हुते. आज बाईंना त्येच सांगायला आले हुते."

मग तिने धाकट्याचे किडके दात दाखवले. त्यांना औषध लावलं आणि मी निघाले. हातमोजा फाटला होता, हे घरी आल्यावर बोटावर तपकिरी डाग उमटला तेव्हा कळलं. माधुरीच्या बोटावर असा एक तरी डाग कायम असायचा. तो घासून जात नाही, काही दिवसांनी आपोआप जातो. रोज उठल्यावर मी आधी ते बोट बघते. आज डाग बराच फिका झालाय.