वळणावरचं पाणी

झोप लागते आहे की उतरते आहे, हे रत्नमालाला कळेनासं झालंय. कोल्हापुरातून अमेरिकेला येऊन आठवडा होत आला, तरी अंग अजून गावाकडच्याच घड्याळावर चालतंय. इथं भर दुपार, खिडकीच्या पडद्यातून ऊन आत आलेलं, आणि देहाला वाटतंय की आता आडवं व्हावं. खालच्या मजल्यावर मीनल, तिची भावजय, भांडी आवरते आहे. एक ताटली दुसरीवर ठेवल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ काहीच नाही.

डोळे मिटले की सकाळचा तो रस्ता पुढं येतो. सॅन फ्रान्सिस्कोतला लॉम्बार्ड स्ट्रीट. उभ्या टेकडीवरून लाल विटांचा रस्ता वळणं घेत घेत खाली उतरतो आणि प्रत्येक वळणाच्या पोटात निळ्या-जांभळ्या फुलांचे मोठमोठे झुबके. जगभरची माणसं तिथं फोटो काढायला येतात. मीनल मुद्दाम घेऊन गेली होती. "यांच्या फार मनात होतं, आक्कांना इथं आणायचं," असं गाडीत म्हणाली. रत्नमाला मात्र माथ्यावरच कठड्याला धरून उभी राहिली. "इथनंच दिसतंय की सगळं," म्हणाली. मीनलनं आग्रह केला नाही.

रत्नमालाचा धाकटा भाऊ दिगंबर, तिचा दिगू, शिकायला म्हणून इकडं आला आणि इकडचाच झाला. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रत्नमाला व्हिसाची वाट बघत तिकडंच राहिली आणि भावाचे अंत्यविधी तिला फोनच्या पडद्यावर बघावे लागले. ऐन वेळी चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा दिगू नव्हता, नुसतं दाहिनीचं बंद दार होतं. मी येईपर्यंत मीनलला थांबता आलं नाही का, ही गाठ तेव्हापासून तिच्या पोटात बसली आहे. तिनं ती कधी बोलून दाखवली नाही. पण मीनलनं चहा आणला तर हातात घेत नाही, "ठेव तिथं" म्हणते. मीनलला ते कळतं. तीही ठेवून जाते.

ताटलीचा आवाज पुन्हा येतो. तो ताटलीचा नाही, घंटेचा आहे. टेकडीच्या माथ्यावरून केबल कार घंटा वाजवत निघून जाते आणि रत्नमाला कठड्याला धरून उभी आहे. सकाळी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. आता चिटपाखरू नाही. खालून धुकं वर चढतंय.

"आक्का, चपला काढ. विटा ओल्या हायेत, घसरशील."

ती दचकत नाही. शेजारी दिगू उभा आहे. पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, कानांजवळचे केस पांढरे झालेले. शेवटचा आला होता तेव्हा होते तसेच.

"तू गेलास ना रे?" ती विचारते.

"गेलो की."

"मग?"

"मग काय? तू खाली उतरली नाहीस. चल."

तो पुढं होतो. ती चपला हातात घेते आणि त्याच्या मागून पहिलं वळण उतरते. विटा गार आहेत. फुलांचे झुबके धुक्यानं जड होऊन रस्त्यावर वाकलेत. दुसऱ्या वळणावर पायाखाली विटा राहत नाहीत, डांबर लागतं. डाव्या हाताला काळा कातळ, त्यावरून पाणी झिरपतंय. उजवीकडं दरी, पण दरीत नुसतं पांढरं भरलंय. हा करूळचा घाट. गगनबावडा मागं राहिला आणि आता खाली कोकण.

"बघ, लागला घाट," दिगू म्हणतो, आणि त्याचा आवाज बारीक झालाय. तो आठ वर्षांचा आहे. एसटीच्या बाकावर तिच्या मांडीत डोकं घालून पडलाय, तोंड पांढरंफटक. आत्याच्या गावाला जाताना दर वेळी हेच. घाट लागला की दिगूला ओकाऱ्या. रत्नमाला त्याचं कपाळ घट्ट धरून ठेवते.

"आक्का, संपला काय घाट?"

"संपत आला. डोळे मीट."

"खोटं सांगतेस."

"व्हय, खोटं सांगते. पण मी हाय न्हवं?"

तो हसतो. बस वळते, तो तिच्या अंगावर कलतो, आणि बसची खिडकी काचेचं दार होते. काचेपलीकडं लांबलचक पांढरा बोळ. कुठं तरी एक यंत्र मोजून मापून टिकटिकतंय. ती दार ढकलते. पलंगावर दिगू झोपलाय, पुन्हा मोठा, डोक्याला पट्टी. त्याच्या पलंगाभोवती फुलांचे तेच निळे झुबके उगवलेत आणि जमिनीवर धुकं आहे. रत्नमालाला पुढं जाववत नाही.

"ये की," तो डोळे न उघडता म्हणतो.

"मला तू अर्धवटच दिसलास रे. फोन बंद पडला."

"ठाऊक हाय."

"पोटच्या पोरागत वाढवला तुला. नि शेवटचा चेहरा पण धड..."

"मग आता बघ. कोण घाई करतंय?"

ती पलंगाजवळ जाते आणि बघते. कपाळ बघते. लहानपणी उंबऱ्यावर आपटून झालेली भुवईवरची खूण बघते. दाढीचे खुंट, सुकलेले ओठ, छातीवर ठेवलेले हात, नखं. पायांपाशी जाते, दोन्ही तळव्यांवरून हात फिरवते. यंत्र टिकटिकायचं कधी थांबलं ते तिच्या ध्यानातही येत नाही. पोटभर बघून झाल्यावर ती पुन्हा उशाशी येऊन उभी राहते.

"लई दुखलं का रे?"

"डोकं दुखलं. मग नाही."

"कोण होतं जवळ?"

"मीनल होती. तिनं पाणी पाजलं मला." तो डोळे उघडतो. "तिच्यावर राग धरू नकोस, आक्का. ती काय करणार होती? तीबी एकटीच होती की."

रत्नमाला मान खाली घालते.

"तिच्या हातचं पाणी मिळालं," तो म्हणतो. "तुझ्या हातचं तेवढं राहिलंय."

ती इकडं तिकडं बघते. तांब्या नाही, फुलपात्र नाही, नळ नाही. तुळशीचं पान कुठून आणायचं? मग तिला फुलांची रुंद पानं दिसतात. प्रत्येक पानाच्या टोकाशी धुक्याचा एकेक थेंब लोंबतोय. ती उजवा तळवा ओंजळीसारखा वळवते आणि एकेक पान त्यात निथळवते. पानं पुष्कळ आहेत आणि पाणी फार सावकाश साठतंय. दिगू वाट बघतो. हात भरत आल्यावर ती त्याच्या मानेखाली डावा हात घालते, एसटीत घालायची तसा, आणि उजवा तळवा त्याच्या ओठांशी नेते.

तो पितो. घोट गळ्यातून उतरताना तिला दिसतो.

"गार हाय," तो म्हणतो.

मग ते दोघं पुन्हा रस्त्यावर आहेत, लाल विटांवर, अर्ध्या उतारावर. तो निघालाय हे तिला न सांगता कळतं. ती त्याला थांबवत नाही. नागमोडी रस्त्यावरून तो खाली जातो, पहिल्या वळणापर्यंत त्याची पाठ दिसते. वळण घेतल्यावर चेहरा दिसतो, तिच्याकडं वर बघणारा. मग पुन्हा पाठ. मग पुन्हा चेहरा, थोडा लहान झालेला. रस्ता सरळ असता तर नुसती पाठच दिसली असती. शेवटच्या वळणावर तो हात वर करतो. धुकं त्याच्यावरून वर येतं, तिच्या पावलांपर्यंत येतं.

"आक्का? तुम्ही हाक मारलीत का?"

दारात मीनल उभी आहे. हातात ओला फडका. ऊन पडद्यावरून भिंतीवर सरकलंय.

रत्नमाला उठून बसते. मग ती विचारते, "मीनल, शेवटी दिगूला पाणी पाजलंस तू?"

मीनलचा चेहरा उतरतो. ती दाराच्या चौकटीला टेकते.

"नर्स नको म्हणत होती. घशात अडकेल म्हणून. ती बाहेर गेली तेव्हा चमच्यानं पाजलं." ती हातातल्या फडक्याची घडी घालते. "चुकलं का माझं, आक्का? मी आजवर कुणाला बोलले नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चुकलं नाही," रत्नमाला म्हणते. "बरं केलंस. ये, बैस इथं."

मीनल काठावर बसते. रत्नमाला तिच्याकडं उजवा हात पुढं करते आणि तेव्हा दोघींनाही एकदमच दिसतं. हात अजून ओंजळीसारखा वळलेला आहे. तळव्याच्या खोलगट भागात पाणी आहे, फार नाही, घोटभरसुद्धा नाही. उशी कोरडी आहे. चादर कोरडी आहे.

मीनल बोट टेकवून बघते.

"गार आहे," ती म्हणते.

आणि दोन्ही हातांनी तिचा हात खालून धरून ठेवते, सांडू नये म्हणून.